उजेडाचे कपाट आणि वेणूआजीचे हात

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "हे कपड्यांचं कपाट दवाखान्यात कशाला ठेवलंय?" मला राग येत नाही. मी दिसतेच तशी. उंच, पत्र्याची, दोन दारांची. पण माझी दारे उघडली की आत साड्या नसतात. चारही बाजूंना काचेच्या लांब नळ्या उभ्या असतात. मी एक जुनी प्रकाशपेटी आहे. पनवेलला वडाळे तलावामागच्या एका गल्लीत, डॉक्टर अरुंधतींच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात माझे सारे आयुष्य गेले.

माझा जन्म वसईच्या एका कारखान्यातला. तिथल्या कारागिरांनी माझ्या अंगाला पांढरा रंग दिला, आतून आरशासारखा चकचकीत पत्रा लावला, डोक्यावर पंखा बसवला. टेम्पोतून मी पनवेलला आले तेव्हा जिन्यातून मला वर चढवताना चार हमालांनी माझ्या नावाने बोटे मोडली. डॉक्टरांच्या आईंनी मात्र माझ्या दारावर हळदीकुंकवाने स्वस्तिक काढले आणि नारळ फोडला. तेव्हापासून दर दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळते. यंत्राची पूजा करतात तशी माझी पूजा होते. माळेची मला फार हौस. आता वय झाले, तरी आहे.

माझे काम काय, ते आधी सांगते. सूर्याच्या उन्हात पुष्कळ प्रकारचे किरण असतात. काही डोळ्यांना दिसतात, काही दिसत नाहीत. त्या न दिसणाऱ्या अतिनील किरणांतला अगदी अरुंद, निवडक पट्टा माझ्या नळ्यांतून येतो. पाखडून, निवडून घेतलेले ऊन म्हणा हवे तर. कोड, सोरायसिस, काही जुनाट खाज, अशा आजारांवर ते औषध म्हणून देतात. पण मित्रांनो, औषध म्हटले की मोजमाप आले. थोडे दिले तर उपयोग नाही, जास्त दिले तर कातडी भाजते. म्हणून सुरुवात अगदी थोडक्या वेळाने होते. मग कातडी काय म्हणते ते पाहून हळूहळू वाढवत नेतात. लागोपाठच्या दोन दिवशी कुणालाच माझ्यात उभे करत नाहीत. कातडीलाही विचार करायला वेळ लागतो, असे डॉक्टर म्हणायच्या.

माझी खरी मालकीण म्हणजे शोभाताई. मला सुरू करणारी, बंद करणारी, माझ्या नळ्या पुसणारी. अधूनमधून ती एक छोटे मापक माझ्यासमोर धरून माझा जोर तपासायची. नळ्या जुन्या झाल्या की उजेड मंदावतो. नव्या बसवल्या की तो एकदम वाढतो, म्हणून त्या दिवशी सगळ्यांचा वेळ ती कमी करायची. आणि प्रत्येक माणसाला, मग तो मागच्याच वारी येऊन गेलेला असो, ती दारापाशी तेच प्रश्न विचारायची. मागच्या वेळी लाल झालं होतं का? किती वेळ राहिलं? आग झाली? नवीन गोळी सुरू केलीत? अंगाला काही लावलंय? आज उन्हात होतात का?

कोन गावाहून येणारा एक ट्रकचालक होता, त्याच्या पाठीवर खवले होते. तो वैतागायचा. "ताई, तुमचे प्रश्न आता मला झोपेतही पाठ आहेत."

"मग झोपेत उत्तरं द्या. इथे जागेपणी द्या," शोभाताई म्हणायची.

त्याची पाठ साफ झाली त्या दिवशी तो पेढे घेऊन आला आणि एक पेढा माझ्या दाराच्या फटीत ठेवून गेला. शोभाताईला मुंग्या लागल्यावर कळले. असे माझे सुखाचे दिवस होते.

वेणूआजी आली ती थंडीच्या दिवसांत. उरणच्या बाजूच्या खाडीकाठचे तिचे गाव. घरची पूर्वी मिठागरे होती. आता ती बुजली, त्यांवर गोदामे उभी राहिली. आजी मात्र अजून अंगणापुढच्या खळ्यावर जवळा, ती बारीक कोळंबी, वाळवायची आणि बाजारात विकायची. बरोबर तिची नात होती, मनस्वी. आजी खुर्चीत बसली तरी पदराखाली हात झाकून होती.

"दाखव ना गो, आजे. डॉक्टरांपुढे काय लपवतेस," मनस्वी म्हणाली.

आजीने हात बाहेर काढले. बोटांपासून कोपरापर्यंत कोडाचे पांढरे डाग होते. सावळ्या हातांवर कुणी चुना सांडल्यासारखे. मानेमागेही एक होता.

आता आजी कोण, ते सांगायला हवे. ती धवलारीण. त्या बाजूच्या आगरी लग्नांत धवले गाणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय मांडव उभा राहत नाही आणि तिच्या हाताशिवाय हळद लागत नाही. चाळीसभर गावांतल्या नवऱ्यामुलींना आजीने पहिली हळद लावली होती. डाग दिसू लागले तशी आमंत्रणे कमी झाली. कुणी तोंडावर बोलले नाही. "आजी, तुमी दमल्या असाल, बसा," असे म्हणून खुर्ची द्यायचे आणि हळदीची वाटी दुसऱ्या गाणारीच्या, दमयंतीच्या हातात जायची.

"इतकी वरसं मना खुर्ची नवती," आजी डॉक्टरांना म्हणाली. "उभ्यानं लग्नं लावली. आता खुर्ची देतान. खुर्चीवरनंच मना कलला."

मनस्वीचे लग्न वैशाखात ठरले होते. तिला आपली हळद आजीच्याच हाताने हवी होती. घरातल्या मोठ्या माणसांना ते नको होते. मनस्वीचे वडील परेश आईवर जीव टाकणारे, पण चुलत्या-आत्यांपुढे गप्प बसायचे. म्हणून आजीने मनाशी ठरवले होते, वैशाखापर्यंत हात बरे करायचे आणि मग वाटी कुणाला मागावी लागणार नाही.

डॉक्टर अरुंधतींनी तिला खोटी आशा दाखवली नाही. "वेणूमावशी, हा आजार हात लावल्याने कुणाला होत नाही, हे आधी घरी सांगा. दुसरं, हातांवर रंग यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. बोटांची टोकं कदाचित तशीच राहतील. वैशाखाचा शब्द मी देणार नाही."

"मंग काय देशील?"

"उजेड देईन. मोजून."

आजी हसली. तिच्या पुढच्या दातांत एक फट होती, तिथून ते हसू निसटल्यासारखे वाटायचे.

डॉक्टरांनी तिची औषधे विचारली, डोळे विचारले, घरात कुणाला कातडीचा कर्करोग होता का तेही विचारले. मग शोभाताईने तिला माझ्यापाशी आणले. तोंडावर कापड बांधले, डोळ्यांवर काळा गॉगल चढवला.

"सिनेमातली दिसतंय का गो मी?"

"दिसताय ना. डाकूची आई."

"आनि कोंडून तू चा प्यायला गेलीस तं?"

"कोंडत नाही, आजी. या दाराला कडीच नाही. भीती वाटली की नुसतं ढकला. फक्त गॉगल काढायचा नाही. आणि आज ज्या बाह्यांचं पोलकं घातलंय, तसंच दर वेळी. उघडं ते उघडं, झाकलं ते झाकलं."

दार लागले. माझ्या नळ्या निळसर पेटल्या, पंखा घुमू लागला. आजी ताठ उभी होती. मग, बहुधा भीती घालवायला, ती हलक्या आवाजात गाऊ लागली.

*पयली हलद लावते गो मिठागराच्या बांधाला...*

ती ओळ संपते न संपते तोच वेळ संपला आणि मी विझले.

मित्रांनो, माझ्यात उभे राहून माणसे देवाचे नाव घेतात, आकडे मोजतात, काही जण रडतातही. गाणे मात्र कुणी गायले नव्हते. पुढे पुढे वेळ वाढत गेला तशी दुसरी ओळ आली.

*दुसरी हलद लावते गो खाडीतल्या चांदाला...*

आणि दर वेळी तिथेच उजेड जायचा. मला तिसऱ्या ओळीची ओढ लागली. तिसरी हळद कुणाला, एवढेच मला ऐकायचे होते. शोभाताई बाहेरून म्हणायची, "आजी, तुमचा डोस आता दीड ओळ झाला." आजीलाही त्याची गंमत वाटायची. गाणे लांबले म्हणजे आपण बरे होतोय, असे तिने धरले होते.

आणि खरेच, होळीच्या आसपास तिच्या मनगटाच्या वर, केसांच्या मुळांशी, तपकिरी ठिपके उमटले. तीळ पेरल्यासारखे. शोभाताईने भिंग लावून दाखवले तेव्हा आजीने एकेका ठिपक्यावर बोट टेकवून पाहिले. मग म्हणाली, "उगवला."

माणसाला आशा लागली की त्याची वाट पाहण्याची ताकद कमी होते, हे मी त्या दिवसांत पाहिले. वैशाख जवळ येत होता. मनगटावर तीळ, पण पंजा पांढराच. आजी मनातल्या मनात एक हिशेब मांडू लागली. तो चुकीचा होता, पण खाडीकाठच्या बाईला तो अगदी सरळ वाटला. पेटीतला उजेड म्हणजे ऊनच ना? पेटीतले एवढेसे ऊन तीळ उगवते, तर खळ्यावरचे दिवसभराचे ऊन पंजाच रंगवील. ते तर आपल्या दारात पडलेले. मग एके सकाळी तिने चटया अंथरल्या, जवळा पसरला आणि बाह्या कोपरापर्यंत सारून, हात उताणे करून, जवळ्याच्याच शेजारी ती ऊन चढेपर्यंत बसून राहिली. तिथूनच हात धुऊन एसटी पकडली आणि दुपारी आमच्याकडे आली. हे तिनेच नंतर सांगितले, म्हणून मला माहीत.

"आज उन्हात होतात का, आजी?" शोभाताईने नेहमीप्रमाणे विचारले.

"नाय गो. सावलीतच व्हते."

शोभाताईने हात उलटेपालटे करून पाहिले. काही दिसले नाही. दिसणारही नव्हते. उन्हाची लाली लगेच येत नाही, ती कित्येक तासांनी वर येते. म्हणून तर प्रश्न विचारायचे असतात. जे कातडी अजून सांगत नाही, ते माणसाने सांगायचे असते.

दार लागले. माझ्या पत्र्याला तिच्या अंगाचा वास आला, सुक्या जवळ्याचा आणि तापलेल्या उन्हाचा. मित्रांनो, आम्हा यंत्रांना वाचा नाही. मला पेटवले की मी पेटते. आजी पहिली ओळ गायली, दुसरी गायली, आणि तिसरीचा पहिला शब्द तिच्या ओठांवर आला तेवढ्यात वेळ संपला.

दोन दिवसांनी ती आली ती हात पुढे धरून, जणू दोन्ही हातांत काही भरलेले भांडे आहे. कोपरापर्यंत लालभडक सूज होती आणि पंजावर पाण्याने भरलेले फोड. बरोबर मनस्वी होती.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायला लावल्या, मलम दिले, फोड फोडायचे नाहीत म्हणून सांगितले. मग स्टूल ओढून त्या आजीसमोर बसल्या.

"उन्हात बसला होतात."

आजी खाली पाहत राहिली. "खल्यावर. जवल्याबरोबर. मना वाटला दोन्ही उना मिलून लवकर व्हईल."

"मावशी, विचारलं तेव्हा खरं सांगितलं असतं तर त्या दिवशी फक्त घरी पाठवलं असतं. एवढंच झालं असतं."

"म्हनूनच नाय सांगितला," आजी म्हणाली. "घरी पाठवला असता म्हनून."

शोभाताई माझ्या दाराला टेकून उभी होती.

"उजेड बंद," डॉक्टर म्हणाल्या. "हे पूर्ण बरं होईपर्यंत. मग पुन्हा अगदी पहिल्यापासून. भाजल्या जागी नवे डागही येऊ शकतात, तेही सांगून ठेवते."

"आनि हलद?"

"या हातांना हळद नाही, तेल नाही, काहीच नाही. साधं पाणीही जपून."

तेव्हा मनस्वी बोलली. इतका वेळ ती खिडकीपाशी पाठ करून उभी होती. "मी तुला संध्याकाळी सांगणार होते, आजे. काल तुझ्या माघारी बाबा बोलले सगळ्यांसमोर. बाबा, जे कधी बोलत नाहीत. म्हणाले, हळद माझी आईच लावणार, ज्याला नको त्याने मांडवात येऊ नये. आत्यासुद्धा हो म्हणाली. दमयंतीमावशी म्हणाली, वाटी मी धरीन, लावेल वेणू." ती आता आजीकडे वळली. "सगळे हो म्हणाले गं. डागांसकट हो म्हणाले. आणि तू हात भाजून बसलीस."

आजी पदर ओढून हात झाकायला गेली, पण फोडांना कापड लागले तशी तिने हात पुन्हा तसेच पुढे धरले. झाकायचीही सोय राहिली नव्हती.

वैशाखात लग्न झाले. मी तिथे नव्हते. पण नंतर आजीच्या हातांची तपासणी करायला दोघी आल्या तेव्हा मी सगळे ऐकले. हळद दमयंतीने लावली. आजी मांडवाच्या खांबाशी, हातांना सैल मऊ फडके गुंडाळून उभी होती. कुणीतरी खुर्ची आणली, ती तिने पायाने मागे सरकवली आणि पहिल्या धवल्यापासून शेवटच्यापर्यंत गायली.

"गला थोडाच भाजला व्हता," आजी म्हणाली. आणि मग, खूप हळू, "पन पोरीचा गाल राहिला गो, शोभाबाय. बोटांना तो लागला नाय."

पावसाळा संपत आला तेव्हा डॉक्टरांनी तिला पुन्हा माझ्यात उभे केले. अगदी थोडक्या वेळासाठी. *पयली हलद लावते गो...* एवढेच झाले आणि मी विझले. आजी बाहेर आली. पुढच्या वारी शोभाताईने विचारले, "आज उन्हात होतात?"

"व्हते. टेशनापासून चालत आले. रिक्षा नाय गावली. हात पदरात व्हते, पन तोंड उनात व्हता. जवला मी नाय, सून वालवतंय. रातच्याला मनगट गुलाबी व्हता, सकालपातूर गेला. गोली नवीन नाय. तेल नाय. पावडर नाय. आनि खरं सांगू? पान खाल्ला."

"पानाचं मी विचारलं नव्हतं."

"असू दे. ल्हीव."

बाकावर बसलेली माणसे हसली. पण त्यानंतर मी पाहिले, रांगेतली माणसे आपणहून सांगू लागली. कुणी काल क्रिकेट खेळलो म्हणे, कुणी वैद्याकडून चूर्ण आणले म्हणे. एका बाईने हळूच कबूल केले की तिने घरी लावायला ऑनलाइन दिवा मागवला आहे. डॉक्टरांनी तो तसाच परत पाठवायला लावला. ज्या दिव्याचा जोर कुणी मोजलेला नाही, तो औषध नव्हे, आग.

आणि मग दसरा आला. शोभाताईने मला पुसले, झेंडूची माळ घातली, हळदीकुंकवाची वाटी आणली. आजीची वारी नव्हती, तरी ती आपट्याची पाने घेऊन आली होती. मनस्वी पहिल्या दसऱ्याला माहेरी आली होती, ती तिच्याबरोबर होती. शोभाताईने बोट हळदीत बुडवले, मग थांबली आणि वाटी आजीपुढे धरली.

"आजी, तुम्ही लावा."

आजीने डॉक्टरांकडे पाहिले. "चालंल?"

डॉक्टरांनी तिचे हात हातात घेऊन उजेडात नीट पाहिले. कातडी भरून आली होती. मनगटावरचे तीळ एकमेकांत मिसळून त्यांची तपकिरी बेटे झाली होती. पंजा अजून पुष्कळसा पांढरा होता आणि बोटांची टोके, त्यांनी सांगितले होते तशीच, मिठासारखी. "चालेल," डॉक्टर म्हणाल्या.

आजीने माझ्या दारावर हळदीचे बोट ओढले. माझा पत्रा थंड आणि तिचे बोट गरम होते. इतकी वर्षे लोकांना मी ऊब दिली, पण माझ्या दाराला अशी ऊब कधी लागली नव्हती. बोट ओढता ओढता ती सवयीने गाऊ लागली. पहिली ओळ. दुसरी ओळ. या वेळी विझायला मी पेटलेलीच नव्हते.

मनस्वी पुढे आली आणि तिने आपला गाल आजीपुढे केला.

*तिसरी हलद लावते गो माज्या नातीच्या गालाला...*

पांढऱ्या बोटांनी त्या गालावर पिवळी रेघ ओढली. मला हवी होती ती ओळ अशी मिळाली.

मित्रांनो, आता मी थकले आहे. माझ्या नळ्या मंदावल्या आहेत आणि कोपऱ्यात एक नवी, चटपटीत पेटी येऊन उभी आहे. मला हलवतील तेव्हा माझ्या नळ्या कचऱ्यात फेकू नका. त्यांत पारा असतो, तो जिथे न्यायचा तिथेच न्यावा, एवढी माझी काळजी घ्या. आणि स्वतःची काळजी घ्यायची असेल तर एकच करा. नव्या पेटीपाशी शोभाताई तेच जुने प्रश्न विचारील. त्यांची खरी उत्तरे द्या. फार तर घरी पाठवतील. घरी पाठवलेला माणूस परत येऊ शकतो.

माझ्या दारावरचे ते हळदीचे बोट अजून कुणी पुसलेले नाही.